बस्त्यावचा कारकून

दर रविवारी सकाळी चर्चमधून परतल्यावर, अंगातला काळा कोट उतरवण्यापूर्वी, आमचा शेजारी बस्त्याव एका डुकराला मिठी मारीत असे. ही मिठी ओझरती नसे. तो खोपटात वाकून शिरे, गुडघे टेकी, दोन्ही हात त्या जनावराच्या बरगड्यांभोवती घाली आणि डोळे मिटून तसाच राही. चर्चमध्येही त्याने इतक्या एकाग्रतेने प्रार्थना केली असेल की नाही, याची मला शंका आहे. मग तो खिशातून सुंभाची दोरी काढी, ती डुकराच्या छातीभोवती फिरवी, दोरीवरच्या गाठीच्या किती अलीकडे टोक टेकले ते पाही, आणि उठून गुडघे झटकीत म्हणे, "अजून नाय. पण अंगाला याद असते."

मी कोर्टात कारकून. रत्नागिरीस बदली होऊन आलो तेव्हा चर्चमागच्या आळीत भाडे कमी होते म्हणून ते घर घेतले. बस्त्यावच्या परड्यात आणि आमच्या परड्यात चिऱ्यांचा एक बुटका गडगा, एवढेच अंतर. प्रारंभीचे काही महिने मी पूजेच्या वेळी त्या बाजूची खिडकी लावून घेत असे. खिडकीने वास थोडाफार अडतो, आवाज अडत नाही, आणि बस्त्याव तर मुळीच अडत नसे. गडग्यावर दोन्ही कोपरे टेकून तो बाहेरूनच विचारी, "अण्णानु, देव आवरले काय? मग जरा बोलू या."

तो गुरांच्या दवाखान्यातून पेन्शनीत निघालेला कंपाउंडर. स्वतः इतका किडकिडीत, की मिटलेल्या छत्रीला मिशा लावाव्यात तसा दिसे. बैलाच्या पोटदुखीपासून म्हशीच्या रुसव्यापर्यंत सर्व गोष्टींवर त्याच्याजवळ औषध होते, आणि माणूस हे त्याच्या मते लहान मापाचे जनावर असल्यामुळे आळीतल्या लोकांनाही तो तीच औषधे मात्रा कमी करून देऊ करी. घेत कोणी नसे. त्याचे त्याला वाईट वाटत नसे. त्याला एकाच गोष्टीचे वाईट वाटे: त्याचा सिद्धांत कोणी मानीत नाही.

सिद्धांत असा. वाढत्या डुकराला सतत पोटभर खायला घातले तर तो वाढतो खरा, पण चरबीने. उलट त्याला काही महिने अर्ध्या पोटी ठेवावे. उपाशी नव्हे, अर्ध्या पोटी. हा भेद तो तर्जनी उगारून सांगे. त्या काळात वाढ खुंटते, अंगावरची चरबी उतरते, आतली आतडीसुद्धा आखडतात. मग एकदम नव्हे, बेताबेताने खुराक वाढवावा. मागे पडलेले जनावर असे काही वाढू लागते, की पोटभर खाणाऱ्या भावाला गाठते, आणि वाढते ते मांसाने. "अंगाला याद असते, अण्णानु. आपण केवढा व्हायला पायजे होता, ता अंग विसरत नाय. फक्त सोडताना नुसता कोंडा घातलात तर परत चरबीच. सुकट पायजे, खोबऱ्याची पेंड पायजे. मांस मागतं मांसासारखं."

"हे तुम्ही कुठे वाचलेत?" मी एकदा विचारले.

"वाचायला कशाला पायजे? दुष्काळातनं आलेली गुरं बघितली हायत मी. दवाखान्यात हाडं घेऊन आली, आणि चारा लागल्यावर साहेब ओळखी ना त्यांना."

त्याला हवा होता पुरावा, आणि पुरावा कधी हाती लागत नसे. याआधीच्या प्रत्येक डुकराला, अर्ध्या पोटी ठेवले असता, आळीतले कोणी ना कोणी चोरून खाऊ घाली. म्हणून या खेपेस त्याने एकाच विणीची दोन पिल्ले आणली. एकाला पोटभर, दुसऱ्याला अर्धे. पहिल्याचे नाव त्याने ठेवले मामलेदार आणि दुसऱ्याचे कारकून.

मला हे नाव लागले, हे नाकारण्यात अर्थ नाही. मी तसे सौम्य शब्दांत बोलूनही दाखवले. तो मनापासून चकित झाला. "अवो, मान दिलाय मी! कमी खाऊन जास्त काम कोण करतो, सांगा बघू?" यावर वरिष्ठांपुढेदेखील मला कधी उत्तर सुचलेले नाही.

माझ्या व्रतवैकल्यांवरही त्याची नजर असे. एकदा द्वादशीच्या सकाळी त्याने गडग्यावरून चौकशी केली, "काल उपास होता ना? काय खाल्लंत?" मी सांगत गेलो: साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, रताळ्याच्या फोडी, केळी, रात्री दूध. तो गंभीरपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, "हा उपास नाय, अण्णानु. हा खुराक हाय. मामलेदाराला पण मी एवढं देत नाय." त्या पंधरवड्यात मी स्वतःला पुष्कळ प्रश्न विचारले, आणि पुढच्या एकादशीपासून आमटी बंद केली. आपल्या पाद्रीबाबांनाही त्याने सोडले नव्हते. ईस्टरच्या आधी उपासकाळ येतो, याचा अर्थ चर्चला आपला सिद्धांत पूर्वीपासून ठाऊक आहे, असे त्याने त्यांना पटवून देण्याचा यत्न केला होता. पाद्रीबाबांनी त्याला जास्तीची प्रार्थना म्हणण्यास सांगितले म्हणतात.

घरात त्याच्याखेरीज एकच माणूस, त्याची मुलगी कार्मेलीन. आई ती रांगत असतानाच गेलेली. कार्मेलीन शिवणकाम करी, आळीतल्या मुलींना शिकवी, बापाचे बोलणे एका कानाने ऐके आणि दुसऱ्या कानाने स्वयंपाकघरातली पेज उतू जात नाही ना, याचा कानोसा घेई. माझ्या पत्नीशी तिची मैत्री गडग्यावरून लोणच्याची बशी देताघेता जमली. "काकी, पापांना डुकराचं माप कळतं," ती हसून म्हणे, "पण सदऱ्याला कापड किती लागतं ता नाय."

तिचे लग्न मुंबईस रेल्वेच्या कारखान्यात फिटर असलेल्या एका मुलाशी ठरले. मुलाचे वडील इनासमाम हे हर्ण्याचे, सुक्या मासळीचे व्यापारी, पोटाने आणि आवाजाने दोन्ही बाजूंनी मोठे. त्या लोकांत मुलीच्या घरी पोसलेले डुक्कर लग्नाच्या जेवणाला लागते, आणि त्यावरून घराची पत ठरते. साखरपुड्याच्या दिवशी बस्त्यावने सर्वांसमक्ष दोरीला गाठ मारून शब्द दिला, की कारकून या गाठीला लागला की लग्न. चांगला शब्द होता. सर्वांनी टाळ्या वाजवल्या.

ईस्टरनंतरची तारीख धरावी म्हणून इनासमाम चैत्रात आले. त्यांच्यासमोर माप झाले. कारकून गाठीपासून पुष्कळ अलीकडे राहिला.

"अरे, पण हा दुसरा तयार हाय की!" इनासमाम मामलेदाराकडे बोट दाखवून म्हणाले.

"तो डुक्कर नाय, तो तेलाचा बुधला हाय. माज्या पोरीच्या लग्नात मी पाव्हण्यांना चरबी वाढू?"

"आमी चरबी पण खातो, व्याही."

"ता तुमच्याकडं बघून कळतं, व्याही. पण माजी इज्जत?"

इनासमाम आधी रागावले, मग पोट धरून हसले, आणि लग्न पावसाळ्यानंतर ढकलले गेले, कारण पावसात आगबोटी बंद. मामलेदार ईस्टरला विकला गेला. कापला तेव्हा चरबीचा थर पाहून बस्त्याव इतका खूश झाला, की तो थर दाखवायला त्याने मला बोलावले. मी दुरूनच अभिनंदन केले.

आषाढात कारकुनाचे हाल पाहवेनात. अर्ध्या पोटी जनावर ओरडते, आणि डुकराचे ओरडणे थेट अंतःकरणात शिरते. भुकेलेले कोणी दारात असता आपण जेवणे ही गोष्ट माझ्या पत्नीला जन्मात जमलेली नाही. एके दुपारी तिने गरे काढलेल्या फणसाची चारखंडे गडग्यापलीकडे टाकली. दुसऱ्या दिवशी पेजेचे भांडे ओतले. मी पाहून न पाहिल्यासारखे केले, आणि तिसऱ्या दिवशी माझ्या पानातला भात उरेल अशी मीच व्यवस्था केली.

बस्त्यावने खोपटाच्या दारात उभे राहून आळीला ऐकू जाईल असा प्रश्न केला, "कोण माज्या कारकुनाला लाच देतो?"

आमच्या घरात मी पंचांग उघडून बसलो.

श्रावणात त्याने खुराक वाढवायला घेतला. मिरकरवाड्याच्या बंदरावरून सुकट येऊ लागली, परड्यात पेंड कुटली जाऊ लागली, आणि आमच्या सोवळ्याची उरलीसुरली प्रतिष्ठा त्या वासात विरून गेली. कारकून खाई, आणि रविवारी मिठी होई, दोरी फिरे. "अजून नाय," बस्त्याव म्हणे.

भाद्रपदात आगबोटी सुरू झाल्या आणि इनासमाम पुन्हा आले. या वेळी ते हसत नव्हते. मुलाची बदली अजमेरच्या कारखान्यात झाली होती. नाताळाआधी त्याने तिकडे हजर व्हायचे, आणि मग काही वर्षे रजा नाही. "आता दिवाळीनंतर लगेच लग्न होतं, नायतर होत नाय," ते म्हणाले. "पोरगा थांबला असता. पण माणसानं डुकरासाठी किती थांबायचं? मला दुसरीकडनं पण विचारतायत, व्याही. स्पष्ट सांगतो."

"शब्द म्हणजे शब्द. गाठीला लागू दे," बस्त्याव म्हणाला, आणि पेंड कुटायला वळला.

त्या संध्याकाळी कार्मेलीन आमच्या मागच्या दाराशी आली. ती रडत नव्हती. कापड बेतावे तशी पदराची कड बोटांनी मोजत होती. "काकी, पापा शब्द फिरवणार नायत. त्यांना वाटतं शब्द फिरवला तर सगळी आळी हसेल. डुक्कर झाला नाय तर माजं लग्न मोडलं."

"अण्णांना सांगते बोलायला," माझी पत्नी म्हणाली, आणि माझ्याकडे अशा रीतीने पाहिले, की बोलणे हे माझे अनेक वर्षे थकलेले कर्तव्य असावे.

मी बोललो. मला बोलणे जमत नाही, म्हणून मी सिद्धांताच्याच वाटेने गेलो. विचारले, अर्धे पोट झाले, खुराकही झाला, मग जनावर वाढत कसे नाही? तो माझ्या नजरेला नजर न देता म्हणाला, "काय तरी चुकलं असेल. सिद्धांतच चुकला असेल." बस्त्यावच्या तोंडून असे वाक्य मी प्रथमच ऐकले. त्याच्या आयुष्यभराचा सिद्धांत खोटा, आणि त्यापायी मुलीचे लग्न जाणार. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

पुढच्या रविवारी कार्मेलीनला चर्चमध्ये काम होते म्हणून ती मागे राहिली. एरवी दोरीचे दुसरे टोक ती धरी. बस्त्याव एकटाच खोपटाशी घुटमळताना दिसला, तेव्हा मी गडगा ओलांडून पलीकडे गेलो. आयुष्यात डुकराच्या इतक्या जवळ मी कधी उभा राहिलो नव्हतो. कारकून चांगला रुंद, घट्ट झाला होता, आणि माझ्याकडे पाहण्याच्या त्याच्या पद्धतीत वरिष्ठपणा आला होता.

"तुमी कशाला, अण्णानु? सोवळं मोडंल."

"आंघोळ करीन," मी म्हणालो, आणि टोक धरले.

दोरी फिरली. अजून नाय. पण माझी सारी नोकरी कागदांवरची खाडाखोड ओळखण्यात गेली आहे. हातातल्या सुंभावर गाठीच्या अलीकडे एक जागा मुरगळलेली होती, तिच्या अलीकडे आणखी एक, आणि तिच्याही अलीकडे एक जुनी. मारलेली गाठ सोडली की सुंभ जसा वाकडा राहतो, तसा.

"बस्त्याव, गाठ हलली आहे."

"जुनी दोरी लांबते, अण्णानु."

"दोरी लांबेल. गाठ चालत कशी जाईल?"

डुकराची खाण्याची दोणी पालथी घालून तो तीवर बसला, अंगात तो काळा कोट तसाच. मग दोरी माझ्या हातातून घेऊन सर्वांत जुन्या वळीवर अंगठा ठेवला. "हितं लागला तो भाद्रपद लागल्यावर. व्याही बोटीतनं उतरायच्या आधी. मामलेदाराच्या ईस्टरच्या मापाला मागं टाकलंन त्यानं, आणि अंगावर चरबी बघा कुठं हाय काय. हात लावून बघा! असा डुक्कर साऱ्या जिल्ह्यात नाय."

"म्हणजे तुमचा सिद्धांत खरा ठरला?"

"शंभर टक्के."

"मग सांगितले का नाही?"

"सांगितलं असतं तर तारीख ठरली असती."

कारकून माझ्या धोतराचा वास घेत होता. मी त्याला घेऊ दिला.

"ह्या घरात पेज कार्मेलीन घालते," बस्त्याव म्हणाला. "बैलाला किती, म्हशीला किती, डुकराला किती, सगळी मापं माज्या हातात हायत. एका माणसाला तांदूळ किती घालायचे, ता मला ठाऊक नाय, अण्णानु. कधी घातलेच नाय एका माणसाचे."

माझ्या मनात प्रथम जे आले ते दुःख नव्हते, हे मी प्रांजळपणे सांगतो. मला एकदम हलके वाटले. सिद्धांत खरा होता. लग्न मोडणार नव्हते. जनावर तयार होते. जे जे बिघडले असे आम्ही समजत होतो, ते सारे जाग्यावर होते. फक्त एक गाठ पुढे सरकली होती, आणि ती सोडता येण्यासारखी होती.

"मूठभर," मी म्हणालो. "आणि वर थोडे. माझ्या घरी विचारून नक्की सांगतो."

तो माझ्याकडे पाहत राहिला. मग हसला. मग मान खाली घालून नखांनी गाठ उकलू लागला. चिवट होती, त्याला उकलेना. मी दातांनी उकलली. सुंभाला सुकटीची चव होती. त्याने जुन्या वळीवर पुन्हा गाठ मारली, आणि चर्चवरून येणारी कार्मेलीन फाटकात दिसताच तो अशा आवाजात ओरडला, की समोरच्या माडावरचे कावळे उडाले: "गो कार्मेलीन! कारकून पास झाला!"

ती धावत आली. तिने दोरी पाहिली, बापाकडे पाहिले, माझ्या ओठांना चिकटलेला सुंभाचा धागा पाहिला. तिला किती कळले ते मला सांगता येणार नाही. ती एवढेच म्हणाली, "पापा, आधी तो कोट काढा." आणि कोट तिने स्वतःच काढला, एकेक बाही सावकाश ओढीत.

दिवाळीनंतर लग्न झाले. आम्ही उभयता मांडवात गेलो, केळी आणि नारळपाणी घेतले, आणि लोकांना जेवताना पाहत बसलो. इनासमामांनी पहिला घास घेतला, दुसरा घेतला, आणि हात थांबवून गरजले, "मांस असावं तर असं! चरबी औषधाला नाय! व्याही, उभे राहा. सगळ्यांना सांगा, काय केलंत काय तुमी?"

सारा मांडव वळला. बस्त्याव उभा राहिला. या क्षणाची त्याने जन्मभर वाट पाहिली होती, हे त्या मांडवात माझ्याइतके कोणाला माहीत नसेल. तर्जनी उगारली जाण्याची मी वाट पाहू लागलो. त्याने मिशांवरून हात फिरवला, नवरीच्या जागी बसलेल्या मुलीकडे पाहिले आणि म्हणाला, "मी काय नाय केलं. माज्या पोरीनं पोसला." आणि खाली बसला.

चार दिवसांनी बंदरावर आम्ही कार्मेलीनला पोचवायला गेलो. उतारूंना नेणारा पडाव आगबोटीकडे निघाला. ती उभी राहून हात हलवत होती, होडीचा तांडेल तिला बसायला सांगत होता, आणि ती ऐकत नव्हती. बोट दिसेनाशी होईपर्यंत बस्त्याव थांबला.

आळीत आल्यावर तो आपल्या फाटकाशी थबकला. आत दिवा नव्हता.

"अण्णानु, तुमच्या ओटीवर जरा बसू काय?"

इतक्या वर्षांत तो आमच्या ओटीवर बसला नव्हता. त्याने विचारले नव्हते म्हणून नव्हे. मी कधी बोलावले नव्हते म्हणून. मी चटई घातली. पत्नीने चहा आणला, आमच्याच कपांतून. तो बशीत ओतून सावकाश पीत राहिला.

"अजमेर किती लांब?"

मी कोर्टातल्या पद्धतीने व्यवस्थित सांगितले: मुंबईपर्यंत आगबोट, पुढे रेल्वे, मध्ये गाडी बदलायची.

"तिकडं डुक्कर मिळत असतील?"

"असतील. पण कसे असतील ते सांगवत नाही."

"चरबीच असणार नुसती," तो म्हणाला. बशी खाली ठेवली. अंधारात त्याच्या आवाजाला हळूहळू जुना जोर येत होता. "नाताळाच्या पुढच्या नाताळाला एक चांगला तयार होईल. आता धरला पायजे. अण्णानु, तुमी कायद्यातले. रेल्वेत डुक्कर घेतात काय हो?"

मी म्हणालो, "चौकशी करतो." आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन मी खरोखरच चौकशी केली.